सेझिनकोट : कॉट्सवोल्डमधला घुमट, घारापुरीचे खांब आणि एका मॅनर हाऊसचा हिशेब

नकाशावाला

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये मोर्टन-इन-मार्श गावाजवळ सेझिनकोट नावाचं मॅनर हाऊस, म्हणजे जमीनदाराचा वाडा, आहे. हिरव्या पडलेल्या तांब्याचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीबाहेर खोल आलेला छज्जा आणि सभोवार मेंढ्यांची कुरणं. पर्यटनाच्या लेखांत त्याची ओळख ‘इंग्लंडमधला मुघल महाल’ या तीन शब्दांत आटोपतात. मला ती ओळख चुकीची वाटते, म्हणून हा धागा.

आधी इतिहास. मॅनर म्हणून ही जागा जुनी, ११व्या शतकातल्या डूम्सडे या जमीन-पाहणीच्या नोंदींतही सापडते. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल जॉन कॉकरेलने ती विकत घेतली. तीन वर्षांतच तो वारला. मालमत्ता भावंडांत वाटली गेली आणि कलकत्त्याहून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने इतरांचे वाटे विकत घेतले. १८०५च्या सुमारास नवं घर आकाराला येऊ लागलं. आराखडा तिसऱ्या भावाचा, सॅम्युअल पेपिस कॉकरेलचा. हा कंपनीचाच सर्व्हेयर, पण त्याने भारत कधीच पाहिला नाही. भारत पाहिला होता तो सल्लागार थॉमस डॅनिएलने. पुतण्या विल्यमला घेऊन तो १७८६ ते १७९३ इथे फिरला आणि पुढे दोघांनी भारतातल्या दृश्यांची १४४ रंगीत चित्रं छापली.

माझं म्हणणं असं : घराचा भारत भिंतीच्या जाडीपुरताच आहे. दारातून आत पाऊल टाकलं की दालनं, जिना, छताची नक्षी सगळं तेव्हाच्या इंग्लंडला प्रिय असलेलं ग्रीक-रोमन. भारत खरा कळलाय तो बागेत, ओढ्याच्या काठी. तिथे वर सूर्याचं छोटं देऊळ आणि कुंड, मधे बैलांचा पूल, खाली झाडाच्या खोडाला वेटोळं घातलेला तीन फण्यांचा नाग. पटतंय का? दगड, पाणी, झाडं यांतले जाणकार इथे आहेत, त्यांनी तपशिलात लिहावं.

पागोळी

बागेबद्दल सहमत, घराबद्दल नाही. छज्जा हा नुसता पोशाख नाही, तो तिथे कामही करतो. गणित मांडून बघा. सेझिनकोट साधारण ५२ अंश अक्षांशावर. दक्षिणेकडच्या भिंतीपुढे जूनमधल्या माध्यान्हीला सूर्य ६१.५ अंश वर असतो आणि डिसेंबरमध्ये १४.५ अंश. छज्जा १ मीटर पुढे आलेला धरला तर उन्हाळ्यात खाली १.८ मीटर सावली पडेल, हिवाळ्यात जेमतेम पाव मीटर. म्हणजे उन्हाळ्यातली तिरीप अडते आणि हिवाळ्यातलं मोलाचं ऊन खिडकीतून थेट आत येतं. आग्र्याला डिसेंबरमध्येही सूर्य ३९.५ अंशांवर असतो, तिथे तोच छज्जा बारा महिने सावली धरतो.

पावसाचा मुद्दा याहून मोठा. तिथला दगड मऊ चुनखडीचा. भिंतीवरून ओघळणारं पाणी जितकं दूर फेकलं जाईल तितकं बरं.

नकाशावाला

सावलीचं गणित मान्य. पण मग छज्जा हवामान पाहून बसवला की डॅनिएलच्या चित्रांतून उचलला आणि योगायोगाने उपयोगी पडला? मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

पागोळी

उचलला असेलही. भिंतीला त्याने फरक पडत नाही.

चुनखडी

पागोळी, छज्ज्याचं कौतुक करा, पण अशा घरांवर सगळ्यांत आधी दुखणं धरतं ते तिथेच.

कॉट्सवोल्डचा दगड थराथराने बनलेला. साध्या भिंतीत तो खाणीत होता तसाच, थर आडवे ठेवून लावतात. बाहेर आलेल्या दगडाला हा नियम चालत नाही. थर आडवे ठेवले तर खालची पापुद्री सुटून पडते. म्हणून छज्जा, कॉर्निस वगैरेंसाठी दगड उभा फिरवतात : थर उभे आणि भिंतीच्या दर्शनी बाजूला काटकोनात, म्हणजे शेजारचे दगड एकमेकांचे थर दाबून धरतात. दुरुस्तीत नवा दगड बसवताना मुकादमाने हे पाहिलं नाही तर थोड्या हिवाळ्यांतच कड ढासळते. वरच्या बाजूला शिशाचा पत्रा घालून पाणी सांध्यात मुरू द्यायचं नाही.

दुसरा मोठा घात सिमेंटचा. विसाव्या शतकात अशा कित्येक घरांच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. भिंतीतला ओलावा एरवी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडतो. सिमेंट त्याची वाट बंद करतं, मग पाणी दगडातूनच बाहेर येतं, सोबत क्षार आणतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा चेहरा उडतो. दरज शाबूत आणि दगड मागे गेलेला दिसला की समजायचं.

उपाय : जुनी दरज हातछिन्नीने उकरायची, ग्राइंडर लावायचा नाही कारण त्याने दगडाच्या कडा कापल्या जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. धूळ काढून पाणी मारायचं. १ भाग चुना, अडीच ते ३ भाग खरखरीत वाळू. घट्ट दाबून भरायचं, थोडं आवळलं की ताठ ब्रशने ठोकायचं आणि ओलं गोणपाट टांगून काही दिवस हळूहळू सुकू द्यायचं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नये, त्यामुळे तिकडे हा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर.

अनुराधा_क

आपल्याकडे चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालतात, तसं तिथे करत का?

चुनखडी

त्यांची जडीबुटी वेगळी. बाहेरून द्यायच्या चुन्याच्या हाताला पाणी सोसावं म्हणून चरबी घालत, आणि गिलाव्यात गुरांचे केस. वाड्यांच्या कामातली गूळ-बेलाची रीत तिकडे सर्रास दिसत नाही.

तांबट_आळी

घुमटाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

तांब्याचा पत्रा लाकडी फळ्यांवर बसवतात, पण आरपार खिळे ठोकून नाही. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून उभी घडी करतात आणि घडीत लपलेल्या तांब्याच्या पट्ट्या फळीला खिळतात. कारण प्रसरण : ३ मीटरचा पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडला की सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो. त्याला हलायला जागा नसेल तर दुमडीवर चीर पडते आणि पाणी थेट लाकडात. फळी कुजायला लागलेली खालून दिसत नाही, म्हणून परांची उभी आहे तोवर सगळा घुमट लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा.

लोखंडी खिळा एकही चालत नाही. तांबं, लोखंड आणि पाणी एकत्र आले की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. तांब्यावरून उतरणारं पाणी जस्ताच्या पन्हळीत सोडलं तर पन्हळीला भोकं पडतात, आणि फिक्या दगडावरून सोडलं तर हिरवे ओघळ कायमचे. तो हिरवा थर स्वतः मात्र पत्र्याचं संरक्षण करतो. तो घासून काढू नये.

माळीबुवा

नकाशावाला, पाण्याकडे येतो. बागेचा कणा झरा आहे. वरच्या देवळापुढचं कुंड, पूल, नागाचं तळं आणि खालचं बेटाचं तळं, हे सगळं उताराच्या ओढ्यावर ओवलेलं. पाणी आपल्या वजनाने उतरतं, पंपाची गरज नाही.

त्या काळात अशी तळी मातीने लिंपत. चिकणमाती खणून, ढेकळं फोडून, पाणी घालून तुडवायची. माणसं तुडवत, कधी गुरं-मेंढ्या फिरवत. तुडवल्याने मातीतली हवा निघून जाते आणि ती पाणी धरते. हाताची वीत भरेल एवढे थर, एकावर एक, प्रत्येक थर ओला असतानाच पुढचा. बागेतल्या तळ्याला एकूण ३० सेंटिमीटर पुरतात, कालव्याला ९० पर्यंत जात. वर खडी किंवा मातीचं आवरण.

गळती कुठून होते? पहिलं कारण वाळणं. दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं आणि आठवडाभर ऊन लागलं की भेगा पडतात, त्या पुन्हा पाणी भरून पूर्ण मिटत नाहीत. म्हणून गाळ काढायचा तो शरद-हिवाळ्यात आणि तुकड्या-तुकड्याने. दुसरं, विलो आणि आल्डरची मुळं : काठावरचं रोप लहान असतानाच उपटावं. मोठं झाड तोडलं तर मूळ कुजून त्याचीच नळी होते. तिसरं, अमेरिकेतून आणलेली सिग्नल क्रेफिश, गोड्या पाण्यातली झिंग्यासारखी. ती काठात बिळं करते आणि बांध आतून पोखरला जातो. गाळ काढण्याआधी मोठ्या कलगीच्या न्यूटची (पाण्यात राहणारा सरड्यासारखा उभयचर) पाहणी करावी लागते, त्या प्राण्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय त्याच्या जागेला हात लावता येत नाही.

रानजाई

माळीबुवांच्या प्रतिसादाला जोड. आज ओढ्याकाठी दिसतं ते सगळं कॉकरेलच्या काळातलं नाही. १९४४ मध्ये सर सिरिल क्लाइनवर्टने इस्टेट घेतली आणि लेडी क्लाइनवर्टने ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस या गुलाबतज्ज्ञ उद्यानरचनाकाराच्या सल्ल्याने बाग पुन्हा उभी केली. ओल्या काठांवर होस्टा, प्रिम्युला, आयरिस असे मोठ्या पानांचे आणि रंगांचे पट्टे ही विसाव्या शतकाची रुची.

अशा पाणबागांसमोर आता नवा पेच आहे. राक्षसी पानांची गनेरा इंग्लंडच्या जुन्या बागांत सर्रास असते. त्यातली टिंक्टोरिया जात आक्रमक म्हणून आधीच बंद होती. २०२३ अखेरीस रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या तपासणीत निघालं की मॅनिकाटा म्हणून लावलेली बहुतेक झाडं तिच्याशी झालेला संकर आहेत, म्हणजे तीही बंदीत आली. आहे ते झाड ठेवता येतं, पण पसरू द्यायचं नाही, विकायचं किंवा कुणाला द्यायचं नाही. बी धरण्याआधी कणसं कापावी लागतात. ओढ्याकाठी याची तातडी जास्त, बी पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या रानात जातं. पिवळ्या स्कंक कॅबेजचंही तेच.

हिवाळ्यात गनेराचा गड्डा गोठू नये म्हणून तिचीच पानं देठापाशी कापून गड्ड्यावर उलटी पालथी घालतात. दुसरं पांघरूण लागत नाही.

शेवंती

दक्षिणेच्या बाजूला चारबागेसारखं काहीतरी आहे ना? कालवा, मधे कारंजं, दोन्हीकडे उंच सडसडीत झाडं. ती सुरूची की कसली?

रानजाई

ती आयरिश यू, सदाहरित सूचिपर्णी झाडं. ही बागही क्लाइनवर्टांच्या काळातली, १९६०च्या दशकातली, लेडी क्लाइनवर्ट भारत पाहून आल्यानंतरची. मुघल बागेत सरू लावतात. कॉट्सवोल्डच्या ओल्या थंडीत सरू करपतो, म्हणून तीच उभी रेघ यूने साधली. सगळ्या आयरिश यूंचं मूळ उत्तर आयर्लंडच्या फर्मनामधल्या फ्लॉरेन्स कोर्टचं एक झाड, त्याच्याच फांद्या लावून जगभर गेली. बियांपासून केलं तर हा आकार येत नाही.

दोन शत्रू. बर्फ साचलं की उभ्या फांद्या बाहेर फाकतात. तार बांधली तर ती सालीत रुतते, त्यापेक्षा फाकलेली फांदी आत आखूड छाटावी, यू जुन्या लाकडातूनही फुटते. आणि पाणी तुंबलेली जमीन : फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा जीव मुळं कुजवतो, एका बाजूने तांबूस होत झाड जातं. कालव्याच्या काठी म्हणूनच निचऱ्याचा चर आधी आणि झाड नंतर.

हिशेबनीस

घुमट, यू, नाग सगळं छान. पैसा कुठून आला?

चार्ल्स कॉकरेल कलकत्त्यात पोस्टमास्टर जनरल होता. पण मोठी कमाई एजन्सी हाऊसची, पॅक्स्टन-कॉकरेल पेढीची. कंपनीच्या नोकरांची खाजगी व्यापारातली कमाई रुपयांत पडून असे. ती लंडनला न्यायची कशी? पेढी ठेवी घेई, त्या पैशावर माल चीनला जाई, अफूही त्यात असे. कँटनला मिळालेली चांदी कंपनीच्या खजिन्यात भरायची आणि बदल्यात लंडनवर काढलेली हुंडी घ्यायची. कंपनीला चहा घ्यायला चांदी हवी, नोकराला लंडनमध्ये पाउंड हवेत, आणि दलाली पेढीची. या दलालीतून एक घर सेझिनकोटला उभं राहिलं, दुसरं भागीदार विल्यम पॅक्स्टनचं वेल्समध्ये मिडलटन हॉल. आराखडा तिथेही सॅम्युअल पेपिस कॉकरेलचाच. ते घर १९३१ साली जळालं, त्या जागेवर आता वेल्सचं राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे.

शेजारही बघा. काही मैलांवर डेल्सफर्ड, वॉरन हेस्टिंग्जने १७८८ मध्ये परत मिळवलेली वाडवडिलांची इस्टेट. घर पुन्हा त्याच सॅम्युअल कॉकरेलने बांधलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात गव्हर्नर जनरल असलेला, सालबाईच्या तहामागचा हेस्टिंग्ज तो हाच. जॉन कॉकरेलने जमीन या भागात घेतली त्यामागे हेस्टिंग्जची ओळख होती.

म्हणून ‘मुघल महाल’ म्हणण्यापेक्षा ही बंगालच्या मिळकतीची इमारत म्हणावी.

शनवारकर

बंगालची मिळकत खरी, पण चित्रांचा एक धागा पुण्यापर्यंत येतो.

१७९३ मध्ये डॅनिएल काका-पुतणे मुंबईत उतरले तेव्हा त्यांना जेम्स वेल्स भेटला. हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढत होता. त्याच्या सोबतीने डॅनिएलांनी घारापुरी आणि साष्टीची लेणी पाहिली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटनं डॅनिएलने १८०३ मध्ये छापून काढली. वेरूळच्या कामात पुण्याचा गंगाराम तांबट हा चित्रकारही होता. त्याची चित्रं आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

पुढचं आणखी महत्त्वाचं. टिपूविरुद्धचा १७९०चा तह करताना मॅलेट पेशव्यांच्या दरबारात बसलाय, हे मोठं तैलचित्र थॉमस डॅनिएलने वेल्सच्या कच्च्या चित्रांवरून १८०५ मध्ये पूर्ण केलं. ते आता लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे. सेझिनकोटचं घर आकार घेत होतं त्याच सुमारास त्याच माणसाच्या हाताखालून शनिवारवाड्यातला दरबार जात होता. सेझिनकोटच्या पुलाचे बुटके भक्कम खांब घारापुरीवरून घेतलेत, ते या प्रवासाचं फळ.

मॅलेटने स्वतः १८०३ मध्ये विल्टशायरमधलं विल्बरी हाऊस घेतलं. वेल्सची मुलगी सुझाना त्याची पत्नी. ते घर मात्र १८व्या शतकाच्या सुरुवातीचं, अस्सल पॅलेडियन, म्हणजे इटालियन-रोमन घाटाचं. पुण्यात दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाच्या घराला एक छत्रीही नाही.

अनुराधा_क

पुलावरचे बैल म्हणजे नंदीच की!

नकाशावाला

शनवारकर, अप्रतिम माहिती. खांबांबद्दल थोडं : घारापुरीच्या खांबाचा खालचा अर्धा भाग चौकोनी, त्यावर पन्हळी पाडलेला गोल भाग आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखं कंगोरेदार शीर्ष. डोंगराचं वजन पेलतोय असं वाटावं म्हणून ती उशी फुगलेली. सेझिनकोटला हे खांब पुलाखाली, ओढ्यात पावलं टाकायला ठेवलेल्या दगडांच्या दोन्ही बाजूंना आहेत. वरून गाडीने गेलेल्याला ते दिसतच नाहीत, वाकून ओलसर अंधारात जावं लागतं. लेण्यात शिरण्याचा अनुभव डॅनिएलने बरोबर पकडला, आणि याला मी नक्कल म्हणणार नाही.

ब्रायटनची_वारी

१८०७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, सेझिनकोटला आला आणि त्यातून ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा झाला, हे कुणीच कसं लिहिलं नाही?

पागोळी

कारण तारखा पूर्ण जुळत नाहीत. ब्रायटनचे घुमटाचे तबेले विल्यम पोर्डनने १८०३ मध्येच सुरू केले होते, ८० फूट व्यासाचा घुमट, बाहेरून भारतीय ढंग. म्हणजे राजपुत्राला ही आवड आधीपासून होती. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टनने सेझिनकोट पाहिलं, त्यावर सल्ला दिला आणि १८०६ मध्ये ब्रायटनसाठी भारतीय शैलीचा आराखडा केला, इथवर धागा पक्का. पण तो आराखडा बांधलाच गेला नाही. आजचा पॅव्हिलियन जॉन नॅशचा, १८१५ नंतरचा, आणि आतून जवळजवळ चिनी. सेझिनकोटने आवडीला खतपाणी घातलं, बी मात्र आधीच पडलेलं होतं.

ब्रायटनची_वारी

रेप्टन मधला दुवा, हे मान्य. पण १८०७च्या भेटीला तुम्ही फार कमी लेखताय.

चुनखडी

सूर्याच्या मूर्तीबद्दल राहिलं. ती कोड स्टोनची, म्हणजे दगड नव्हेच, भाजलेली माती. लंडनच्या लॅम्बेथमध्ये एलेनॉर कोड यांचा कारखाना १७६९ पासून. चिकणमाती ६० ते ७० टक्के, बाकी आधी भाजून कुटलेली माती, गारगोटी, वाळू आणि काचेची पूड. सुमारे ११०० अंशांवर चार दिवस भट्टी. आधी भाजलेली माती असल्याने आकसणं ८ टक्क्यांच्या आसपासच, म्हणून चेहऱ्याचं नाक-डोळे वाकडे होत नाहीत. हवामानाला हा माल चुनखडीपेक्षा टिकाऊ. बिघडतो तो आतल्या लोखंडी सळीमुळे : सांध्यातून पाणी शिरलं की सळी गंजून फुगते आणि मूर्ती आतून तडकते. दुरुस्तीत सळी काढून स्टेनलेस स्टीलची घालतात.

हिशेबनीस

शेवटचा प्रश्न, हे घर वाचलं कसं? अमेरिकेतला गहू रेल्वेने आणि आगबोटीने स्वस्त येऊ लागला. इंग्लंडात एका क्वार्टरचा, म्हणजे साधारण २१८ किलोंचा भाव १८७७ मध्ये ५६ शिलिंगांवर होता, १८९४ मध्ये २३च्याही खाली. शेतकऱ्यांचे खंड (जमिनीचं भाडं) घटले आणि मॅनरचा आधारच खंडावर. कॉकरेलांच्या घराण्याकडून सेझिनकोट १८८४ मध्ये जेम्स डग्डेलकडे गेलं ते याच मंदीत. १८९४ मध्ये वारसा कर आला, कमाल ८ टक्के. १९१९ मध्ये मोठ्या इस्टेटींना ४०, दुसऱ्या महायुद्धानंतर ८०. १९५५च्या आसपास दर पाच दिवसांना एक घर पाडलं जात होतं. नोंदलेली इमारत पाडायला परवानगी सक्तीची झाली ती १९६८च्या कायद्याने.

१९४४ साली बँकिंगमधला पैसा इथे आला. पेढीवर उभं राहिलेलं घर पुन्हा पेढीनेच सावरलं.

माळीबुवा

हिशेबनीस, खंड हा मुद्दा जमिनीवर पाहायचा तर ‘हा-हा’ नावाचा खंदक बघा. घरापुढचं हिरवळीचं पटांगण आणि कुरण सलग दिसावं, पण मेंढ्या दाराशी येऊ नयेत, म्हणून इंग्रजी उद्यानांत खंदक घालतात. घराकडची बाजू उभी भिंत, कुरणाकडची बाजू उतार. गुरांना सव्वा ते दीड मीटर उंची पुरते, हरणांना १.८ लागते. भिंतीमागची माती पावसात फुगते, म्हणून तळाशी पाणी झिरपायला भोकं ठेवतात. ती बुजली किंवा कुणी सिमेंट मारून बंद केली की भिंत मधोमध पोट काढते. पोट दिसल्यावर दरजा भरून उपयोग नाही, मागची माती उकरून तेवढा तुकडा उतरवावा लागतो.

नकाशावाला

मूळ मुद्द्यात दुरुस्ती करतो : घराचा भारत भिंतीपुरता, पण पागोळींनी दाखवलं तसं ती भिंत कामाची आहे. बागेबद्दल मात्र ठाम आहे, फक्त ‘मुघल’च्या जागी घारापुरी लिहावं. शनवारकर, गंगाराम तांबटांवर वेगळा धागा काढाल का? वेरूळची रेखाटनं कुणी कुठली केली, हे तिथे सविस्तर घेता येईल.

शनवारकर

काढतो. येलमधल्या चित्रांच्या क्रमाने सुरुवात करतो.